रिसायटलपूर्वी पियानोवादनावर अभिप्राय कसा घ्यावा

रिसायटलला (श्रोत्यांसमोर वादन सादर करण्याच्या कार्यक्रमाला) महिना-दीड महिना उरला की पियानो शिकणारा प्रत्येक जण घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून वाजवून दाखवतो आणि शेवटच्या पट्टीवरून बोट उचलता उचलता विचारतो, “कसं वाटलं?” समोरचा म्हणतो, “छान!” आणि दोघेही सुटतात. या संवादातून वाजवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि त्यात दोष ऐकणाऱ्याचा नसून प्रश्नाचा असतो. ज्यांना पहिल्यांदाच मंचावर बसायचे आहे त्यांनी अभिप्राय कोणाकडून, केव्हा आणि नेमक्या कोणत्या गोष्टीविषयी घ्यावा, हे या लेखात क्रमाने सांगते.

उदाहरणासाठी दोन रचना घेते: मोझार्टच्या सी मेजर सोनाटाची (के. ५४५) पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, आणि शोपँचे ई फ्लॅट मेजरमधले नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या वातावरणाची शांत रचना (ओपस ९, क्रमांक २). विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांत या दोन्ही रचना वारंवार ऐकू येतात आणि दोन्ही मिळून साधारण आठ मिनिटांत वाजवून होतात. मोझार्टने १७८८ साली आपल्या रचनांच्या यादीत या सोनाटाची नोंद ‘नवशिक्यांसाठी’ अशी केली होती. ज्यांनी तो लोकांसमोर वाजवला आहे, त्यांना ही नोंद वाचून हसू येते. कारण त्यात लपायला जागाच नाही, एक पट्टी चुकली तरी ती शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते.

आधी कागद तयार करा

कोणालाही ऐकवण्यापूर्वी नोटेशनच्या प्रतीवर पेन्सिलीने बारचे (म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या खणांचे) क्रमांक घाला. छापील प्रतीत बहुधा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीलाच क्रमांक असतो, तो पुरत नाही. मोझार्टच्या या मूव्हमेंटमध्ये ७३ बार आहेत. २९व्या बारपासून मधला विस्तार सुरू होतो आणि ४२व्या बारला पहिली सुरावट परत येते. नॉक्टर्नमध्ये ३४ बार आहेत. त्यातली मुख्य सुरावट चार वेळा येते आणि दर वेळी थोडी अधिक नटून येते. मध्ये दोनदा दुसरी सुरावट येते आणि २५व्या बारपासून समारोप सुरू होतो. या भागांना क, ख, ग अशी अक्षरे द्या आणि प्रतीच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा. हे काम कारकुनी वाटेल, पण “मधे कुठेतरी गडबडलं” आणि “ग भागाच्या दुसऱ्या बारला डावा हात थांबला” या दोन अभिप्रायांतले अंतर या कागदामुळेच पार होते.

पहिला श्रोता म्हणजे फोन

कार्यक्रमाच्या सुमारे सहा आठवडे आधी, रचना थांबत-अडखळत का होईना पण शेवटपर्यंत वाजू लागली की रेकॉर्डिंग सुरू करा. फोन पियानोवर ठेवू नका, कारण पट्ट्यांचा ठकठक आवाज आणि लाकडाची थरथर त्यात सुरांपेक्षा जास्त येते. दोन-तीन मीटर अंतरावर, छातीच्या उंचीवर, एखाद्या शेल्फवर तो ठेवा. पंखा बंद करा. स्वयंपाकघरात कुकर लावलेला नाही ना, हेही विचारून घ्या. नॉक्टर्नच्या शेवटच्या हळुवार कॉर्डवर (एकत्र वाजवलेल्या स्वरांवर) शिट्टी झालेले एक रेकॉर्डिंग माझ्या संग्रहात आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. बहुतेक फोन आवाजाची पातळी आपोआप सारखी करतात, म्हणजे हळू वाजवलेले उचलतात आणि जोरात वाजवलेले दाबतात. त्यामुळे ‘आपले हळू आणि जोरात यांतले अंतर पुरेसे आहे का’ हा प्रश्न फोनला विचारू नये. लय, अडखळणे, चुकीचे स्वर, पेडलने (स्वर रेंगाळत ठेवणाऱ्या, पायाने दाबायच्या पट्टीने) झालेला चिखल आणि विरामाच्या जागा यांविषयी मात्र तो अचूक सांगतो.

रेकॉर्डिंग त्याच दिवशी ऐकू नका. लगेच ऐकले तर बोटांना झालेला त्रास अजून आठवत असतो आणि कानाऐवजी तोच बोलतो. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा नोटेशनशिवाय, खुर्चीत बसून, कोणा दुसऱ्याचे वादन असल्यासारखे ऐका; दुसऱ्यांदा प्रत आणि पेन्सिल घेऊन ऐका. प्रत्येक वेळी एकच गोष्ट शोधा. लयीसाठी एक सोपी चाचणी आहे: मेट्रोनोमच्या (ठेका मोजणाऱ्या यंत्राच्या) अ‍ॅपवर बोटाने ठेका टॅप करून मोझार्टच्या पहिल्या चार बारची गती काढा आणि मग शेवटच्या चार बारची. माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थ्याची गती सुरुवातीला मिनिटाला १२० ठोके होती आणि शेवटी १३४ झाली होती. तोपर्यंत त्याला आपण धावतो असे तीन महिने सांगून पटले नव्हते; आकडा पाहिल्यावर त्याने वादच घातला नाही.

व्हिडिओही एकदा घ्यावा, पण तो आपल्या उजव्या बाजूने, म्हणजे मंचावर श्रोते ज्या बाजूला असतील तिथून घ्यावा आणि त्यात हात, खांदे व पेडलवरचा पाय असे तिन्ही दिसावेत. कठीण जागा जवळ आली की खांदे कानांकडे सरकतात आणि त्या जागेच्या एक बार आधीच आवाज कडक होतो. हे वाजवताना आपल्या लक्षात येत नाही.

माणसे निवडताना

आपल्या शिक्षकांचा अभिप्राय सर्वांत मोलाचा असला, तरी त्याला एक मर्यादा असते: त्यांनी तुम्हाला आठवड्यामागून आठवडे ऐकलेले असते. गेल्या वेळेपेक्षा किती सुधारले, हे त्यांना नेमके कळते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काय कळेल, हे त्यांना तितके सांगता येत नाही. म्हणून चार आठवडे आधी एक-दोन बाहेरचे कान शोधावेत. हे शिक्षकांना सांगून करावे, लपवून नव्हे. “मॅडम, कार्यक्रमाआधी अजून कोणाला ऐकवू का?” असे सरळ विचारले, तर बहुतेक शिक्षक स्वतःच नाव सुचवतात. लपवून दुसऱ्याकडे गेलेला विद्यार्थी पुढच्या तासाला अचानक वेगळेच पेडल वापरू लागतो आणि ते लपत नाही.

दुसरा पियानोवादक मिळाला तर त्याला बोटांची मांडणी, पेडल आणि दोन्ही हातांचा समतोल यांविषयी विचारा. व्हायोलिन वाजवणारा किंवा गाणारा मिळाला तर त्याला श्वासाविषयी विचारा: “वाक्य कुठे संपलं असं वाटलं? कुठे मध्येच तुटलं?” पियानोवर श्वास न घेताही वाजवता येते, हीच आपली अडचण आहे, गाणाऱ्याला न थांबणारी सुरावट लगेच खटकते.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे, जिचा उपयोग फारसा कोणी करत नाही. ओळखीत तबला वाजवणारे कोणी ना कोणी असतेच. नॉक्टर्नमध्ये डावा हात प्रत्येक ठोक्याला आधी खालचा एक स्वर आणि मग दोन कॉर्ड वाजवतो, आणि उजवा हात त्यावर मोकळेपणाने गातो. डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक आहे, त्याने लय सोडू नये, असे शोपँ सांगत असल्याचे त्यांच्या शिष्यांच्या आठवणींत आहे. तबलजीला फक्त हा डावा हात एकटा ऐकवा आणि मांडीवर ठेका धरायला सांगा. माझ्या एका मित्राने अशी पाच मिनिटे ठेका धरला आणि म्हणाला, “खालच्या सुरावर उडी मारायच्या आधी दर वेळी तू किंचित थांबतेस. समेला भीत भीत येतेस.” तोवर माझी समजूत अशी होती की तिथे मी भावपूर्ण रुबाटो (लय मुद्दाम थोडी मागे-पुढे करणे) करते आहे. दोन्ही हात एकत्र ऐकवून मात्र त्याचे मत घेऊ नका. उजव्या हाताचे मागे-पुढे होणे त्याला चूक वाटेल आणि तुम्ही विनाकारण ताठ व्हाल.

शेवटी, ज्याला या संगीतातले काही कळत नाही असा एक श्रोता हवाच, कारण सभागृहातली बरीचशी माणसे तशीच असणार आहेत. त्याच्याकडून संगीताचे विश्लेषण मागू नये, त्याच्या मनात काय झाले तेवढेच विचारावे. “कुठे लक्ष उडालं?”, “कुठे मी घाबरलेली दिसले?”, “संपल्यावर कोणती सुरावट गुणगुणावीशी वाटते?” एवढे तीन प्रश्न पुरतात. तिसऱ्या प्रश्नावर श्रोत्याला काहीच गुणगुणता आले नाही, तर उजव्या हाताची सुरावट डाव्या हाताखाली गाडली गेली असण्याची दाट शक्यता आहे. माझ्या मावशीने नॉक्टर्न ऐकून सांगितले होते, “दुसऱ्यांदा ते गोड गाणं आलं ना, तिथे एसटी घाटात चढल्यासारखी वाटली.” नोटेशन उघडून पाहिले तर ती जागा पाचव्या बारपासूनची निघाली, सुरावट नटून येते तिथले जादा स्वर नीट बसावेत म्हणून मी सगळी गाडीच हळू करत होते. तालमीत कोणी हे बोलले नव्हते.

परीक्षेचे निकष उसने घ्या

पियानोवादक श्रोत्याला ‘काय ऐकू?’ असा प्रश्न पडला तर त्याच्या हाती परीक्षांची गुणपद्धती द्यावी. मुंबई, पुणे आणि गोव्यातले बहुतेक विद्यार्थी ज्या दोन ब्रिटिश मंडळांच्या परीक्षा देतात, त्यांचे निकष उघड आहेत. एबीआरएसएम प्रत्येक रचनेला ३० पैकी गुण देते, २० ला उत्तीर्ण धरते आणि स्वरांची अचूकता, काल, नाद, आकार व सादरीकरण अशा पाच अंगांनी ऐकते. ट्रिनिटी कॉलेज लंडन प्रत्येक रचनेचे २२ गुण तीन भागांत वाटते: ओघ व अचूकता ७, तांत्रिक कौशल्य ७ आणि संवाद व अर्थविवरण ८. सर्वांत जास्त गुण शेवटच्या भागाला आहेत, याकडे नवशिक्यांचे लक्ष क्वचितच जाते. श्रोत्याने प्रत्यक्ष गुण देऊ नयेत, असे माझे मत आहे. आकडा ऐकला की माणूस पुढचे वाक्य ऐकतच नाही. पाच अंगांपैकी सर्वांत कच्चे कोणते आणि ते कोणत्या बारला जाणवले, एवढेच विचारावे.

ऐकून घ्यायची रीत

अभिप्राय मिळत असताना खुलासा करू नका. “आज बोटं गार होती”, “घरी बरोबर येतं” ही वाक्ये तोंडातून निघाली की समोरचा माणूस सौम्य होतो, आणि त्याने सौम्य व्हावे अशी आपली गरज नाही. वहीत तीन रकाने करा. पहिल्यात समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, दुसऱ्यात बार क्रमांक आणि तिसऱ्यात उद्या पियानोवर बसून काय करायचे ते. तिसरा रकाना भरता आला नाही, तर तो अभिप्राय अजून अर्धाच आहे.

उदाहरण म्हणून माझ्या वहीतली नॉक्टर्नविषयीची एक नोंद देते. पहिल्या रकान्यात “जरा जड वाटतंय” एवढेच आहे. हे वाक्य घेऊन मी रेकॉर्डिंगकडे गेले, तेव्हा दुसऱ्या रकान्यात ‘बार १ ते ४, डाव्या हाताचे दोन्ही कॉर्ड खालच्या स्वराइतकेच मोठे’ असे आले. तिसऱ्या रकान्यात सराव लिहिला: खालचा स्वर वाजवायचा, दोन्ही कॉर्डच्या पट्ट्यांना फक्त स्पर्श करायचा, आवाज काढायचा नाही, उजवा हात मात्र पूर्ण गायचा, असे रोज पाच वेळा, मग कॉर्ड जेमतेम ऐकू येतील इतकेच दाबायचे. चार दिवसांत जडपणा गेला. सुरुवातीला मी ‘जड’ म्हणजे ‘हळू’ असे समजून गती वाढवली होती आणि एक आठवडा फुकट घालवला होता. ऐकणाऱ्याला लक्षण बरोबर जाणवते. कारणाचा त्याचा अंदाज मात्र चुकू शकतो, आणि आपला तर हमखास चुकतो.

दोन माणसांनी उलटसुलट सांगितले तर आधी छापील प्रत पाहा, मग रेकॉर्डिंग ऐका. तरीही उत्तर मिळाले नाही तर शिक्षकांचा शब्द प्रमाण माना; मंचावर दोन मते घेऊन बसता येत नाही. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच जागेवर बोट ठेवले, तर त्यांचे शब्द कितीही वेगळे असले तरी ती जागा कच्ची आहे.

दूर राहणाऱ्या शिक्षकांना व्हिडिओ पाठवताना एका दमात वाजवलेला, न कापलेला पाठवा आणि सोबत क्रमांक घातलेल्या प्रतीचा फोटो द्या. व्हिडिओ कॉलवर थेट ऐकवणार असाल तर झूममधली ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय दोन्ही बाजूंनी तपासा, नाहीतर पियानोचा रेंगाळणारा नाद गोंगाट समजून छाटला जातो आणि शिक्षक तुमच्या पेडलविषयी चुकीचे मत बनवतात.

रंगीत तालीम

दोन-तीन आठवडे आधी निदान दोनदा पाच-सहा माणसांसमोर पूर्ण कार्यक्रम करा. त्यात दारातून चालत येणे, नमस्कार, बाकाची उंची ठीक करणे आणि पहिल्या स्वरापूर्वी मनात दोन बार म्हणणे हे सगळे यायला हवे. आधी हात गरम करू नका. कार्यक्रमात तुमच्या आधी तीन मुले वाजवणार असतील तर तुम्ही पंधरा-वीस मिनिटे गार हातांनी खुर्चीत बसलेले असणार. तालीमही तशीच झाली पाहिजे. चुकलात तरी थांबू नका आणि मागे जाऊ नका. या दिवशी श्रोत्यांना चुका विचारायच्या नाहीत, “चूक झाल्यावर माझ्या चेहऱ्यावरून, हातांवरून कळली का?” एवढेच विचारायचे.

पाठांतराची परीक्षा वेगळी घ्यावी. शिक्षकांनी किंवा घरातल्या कोणी कोणताही भाग पुकारावा आणि तुम्ही तिथूनच सुरू करावे. मोझार्टमध्ये खरी पाचर ४२व्या बारला आहे: सुरावट परत येते ती अपेक्षेप्रमाणे घरच्या सुरात, म्हणजे सी मेजरमध्ये न येता एफ मेजरमध्ये येते, आणि पुढचा रस्ता पहिल्यासारखा दिसत असला तरी वेगळ्या वळणाने घरी जातो. बोटांच्या सवयीवर भरवसा ठेवणारा माणूस इथे पहिल्या रस्त्याला लागतो आणि परक्या सुरात जाऊन उभा राहतो. ही जागा रोज एकदा थंड डोक्याने, डोळे मिटून, दोन्ही हात वेगवेगळे वाजवून पाहावी.

सभागृहातला अर्धा तास

आपल्याकडे बहुतेक जण घरी डिजिटल पियानोवर सराव करतात आणि कार्यक्रमात ग्रँड पियानोसमोर बसतात. पट्ट्यांचे वजन वेगळे, पेडलची खोली वेगळी आणि नाद तर सभागृह ठरवते. आयोजकांकडे अर्धा तास मागा. मिळाला तर त्यात रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत बसू नका. एक माणूस मधल्या रांगेत आणि एक शेवटच्या रांगेत बसवा, नॉक्टर्नचे पहिले आठ बार घरच्या पेडलने वाजवा, मग थोड्या कमी खोल पेडलने वाजवा आणि विचारा: “कोणत्या वेळी सूर एकमेकांत मिसळले?” झाकण पूर्ण उघडे आणि अर्धे उघडे अशा दोन्ही स्थितींत हाच प्रश्न पुन्हा विचारा. रिकामे सभागृह जास्त घुमते, माणसे बसली की नाद थोडा कोरडा होतो, हे धरून शेवटचा निर्णय घ्या. पावसाळ्यातला कार्यक्रम असेल तर पट्ट्या दमटपणाने जड होऊन परत वर यायला उशीर करत नाहीत ना, हे एकच स्वर भरभर वाजवून तपासा आणि तसे असेल तर तिथल्या तिथे आयोजकांना सांगा.

शेवटचा आठवडा

या आठवड्यात बोटांची मांडणी बदलायला सांगणारा अभिप्राय स्वीकारू नये, तो कितीही मोठ्या माणसाचा असो. एका ज्येष्ठ वादकांनी मला कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी एका उतरत्या सरगमीसाठी अधिक सोयीची बोटे सुचवली होती. ती खरोखरच सोयीची होती. मंचावर मात्र जुनी आणि नवी बोटे एकाच वेळी आठवली आणि उजवा हात जागच्या जागी थांबला. श्रोत्यांनी भला मोठा विराम ऐकला. ती बोटे मी आजही वापरते, पण ती रुळायला पुढचे सहा आठवडे लागले. पेडलची खोली, बाकाची उंची, सुरुवातीची गती, दोन रचनांमध्ये किती थांबायचे, हे मात्र शेवटच्या दिवशीही बदलता येते, म्हणून प्रश्न विचारायचेच असतील तर तेवढ्यापुरते विचारा. वहीत राहिलेल्या बाकीच्या नोंदींवर ‘नंतर’ असे लिहून पान उलटा.

कार्यक्रमाच्या दिवशी कोणालाही मत विचारू नका. फक्त शेवटच्या रांगेत बसणाऱ्या एखाद्याला फोनवर रेकॉर्डिंग करायला सांगून ठेवा आणि त्याचा फोन आधीच विमान मोडवर टाकायला लावा. ते रेकॉर्डिंग आठवडाभर उघडू नये. आठव्या दिवशी वही आणि पेन्सिल घेऊन बसा आणि ‘नंतर’ लिहिलेल्या पानापासून सुरुवात करा.